शंभर रुपयांत नवऱ्याचं नाव

माझ्या धाकट्या जावेला सूर कळत नाही. ताल थोडाफार कळतो, तोही भाकरी थापून थापून आलेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी तिच्याबद्दल जे बोलेन ते कुठल्या पोटातून येतंय हे तुमच्या ध्यानात राहील.

मी मात्र रीतसर गाणं शिकलेली बाई. लातुरात गाण्याचा क्लास चालवते. आता लातुरात गाण्याचा क्लास चालवणं म्हणजे काय, ते लातूरकरांनाच विचारा. गल्लीत चारी बाजूंनी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, आणि मधे मी तानपुरा लावून बसलेली. पोरं आठवीपर्यंत येतात. नववीत गेली की आईबाप पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहतात, 'मॅडम, आता जरा अभ्यासाचं बघावं म्हणतो.' मी पेढा घेते आणि हसते. असे किती पेढे खाल्ले असतील देव जाणे. एकही गोड लागला नाही.

माझं सासर देगलूर तालुक्यातलं. गाव सोडून आम्ही लातूरला आलो, दीर-जाऊ शेतीसाठी तिथंच राहिले. जाऊ सीमेपलीकडची, तेलुगू मुलखातली. मराठी बोलता बोलता मधेच तेलुगूत शिरते, आणि एखादी गोष्ट आवडली की डोळे मोठे करून 'बागुंदी!' म्हणते. आमच्या घरात आता सगळेच चांगल्याला बागुंदी म्हणतात. मी सोडून.

तिची दुसरी मुलगी गावच्या उपकेंद्रात झाली. ऐन वेळेला लाईट गेली. आशाताईंनी एका हातानं मोबाईलची बॅटरी धरली आणि दुसऱ्या हातानं नर्सबाईंना मदत केली. मोबाईल तीन टक्क्यांवर होता म्हणे. जाऊ हा किस्सा हसत हसत सांगायची, पण सांगून झाल्यावर पोरीला उगाच जवळ ओढायची. पुढं गावातल्या बायकांनीच मनावर घेतलं, की उपकेंद्राला इन्व्हर्टर, मोठ्या बॅटऱ्या आणि वर सोलरच्या प्लेटा आपण बसवून द्यायच्या. लोकांकडून मागू, पण बसवू.

आमचे हे म्हणाले, 'तू एक गाणं कर. युट्यूबवर टाकू, खाली पैसे पाठवायचा कोड देऊ. लोक देतील.'

मी केलं. महिनाभर खपून केलं. शब्द माझे, चाल माझी, यमनात बांधलेली. नांदेडला स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं, पांढरी साडी नेसून, हातात समई धरून व्हिडिओ काढला. अंधार, ज्योत, मातृत्व, सगळं त्यात होतं. तीन आठवड्यांत शे-दोनशे वेळा पाहिलं गेलं. त्यातल्या तीस-चाळीस वेळा तर मीच पाहिलं असेल. पैसे आले ते माझ्या माहेरच्यांचे आणि यांच्या ऑफिसातल्या दोघांचे, त्यांना नाही म्हणता येईना म्हणून.

जावेनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, 'अक्का, लई भारी झालंय. बागुंदी! पण एक विचारू का? ह्यात कुणी वारलंय का?'

मी फोन ठेवला. दोन दिवस बोलले नाही.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. गावात बायका जमल्या, वाण लुटलं, आणि नेहमीसारखा आग्रह सुरू झाला, घ्या गं नाव, घ्या. एकेकीचे जुनेच उखाणे, चांदीच्या ताटातले आणि तुळशीच्या पानातले. माझी जाऊ उठली. परात आणली, उलटी मांडीवर घेऊन बसली, लाटण्यानं ठेका धरला आणि म्हणाली, 'हे शिळे उखाणे बास झाले. शंभर रुपये द्या, तुमच्या मालकाचं खरंखुरं नाव घेते. इन्व्हर्टरला द्यायचे हायत.' पहिली बाई उठली, तिला विचारलं, तुझा नवरा घरात काय करतो? तिनं सांगितलं. जावेनं तिथल्या तिथं जुळवलं:

'नळाला पाणी आठ दिवसाला, हंडे भरायची घाई,
…राव न्हाणीत शिरले की भाईर यायचं नाव न्हाई!'

दुसरीचं झालं, तिसरीचं झालं.

'सोयाबीन गेलं मातीमोल, बाजाराला हाय सुट्टी,
…रावांनी मोबाईल धरला, माझ्याशी घेतली कट्टी!'

आणि दर उखाण्यानंतर सगळ्या मिळून, 'शंभर रुपये द्या गं बाई, मालकाचं नाव घ्या!' कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं. हात हलतोय, मागं लेकरू रडतंय, एकीच्या तोंडात तिळगूळ आहे. आणि मधे माझी जाऊ, पदर खोचलेला, आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा.

काय सांगू तुम्हाला! चार दिवसांत ते गाणं नांदेडला, आठ दिवसांत लातूरला. मी ऑटोत बसले तर ऑटोवाला वाजवतोय. डाळमिलच्या बायका जेवायच्या सुट्टीत म्हणताहेत. एका सकाळी क्लासमधली माझी सगळ्यात गुणी मुलगी भूपाचे आलाप घेता घेता थांबली आणि खुदकन हसली. 'काय झालं?' म्हटलं तर म्हणे, 'काही नाही मॅडम, ते न्हाणीत शिरले की, ते आठवलं.' भूपात न्हाणी! पुण्या-मुंबईच्या बायका शंभर-शंभर पाठवायला लागल्या, आमच्या ह्यांचंही नाव घ्या म्हणून. एका गृहस्थानं दोनशे पाठवले, माझं नाव घेऊ नका म्हणून. जावेनं दोनशे ठेवून घेतले आणि 'दोनशे देऊन लपले' असा त्याच्यावरच उखाणा केला. तो गृहस्थ म्हणे आता तोच सगळ्यांना दाखवत फिरतो.

मी जळले. याला दुसरा शब्द नाही. पोटात कोळसा ठेवल्यासारखी जळले. वरून मात्र, 'छान आहे हो, लोकांना असलंच आवडतं,' असं म्हणत राहिले. 'सुरात नाहीये, पण हेतू चांगला आहे,' असंही म्हणाले. कुणी विचारलं नसताना म्हणाले. नांदेडला एका लग्नात एक बाई गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आली. मला वाटलं, समईचं गाणं पाहिलं असेल. तोंडभर हसून म्हणाली, 'तुम्ही त्या उखाणेवालीच्या जाऊबाई ना?' आग लागो त्या लग्नाला. जेवण पण धड केलं नाही.

आणि त्याहून कडू गोष्ट माझ्या आईची.

माझं माहेर किल्लारीचं. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन पाच वर्षं झाली. आई भावाजवळ असते. दादा असताना त्यांच्या गोळ्या, पथ्य, तपासण्या, सगळं माझ्या हुकमानं चालायचं. आईला त्यातलं कळत नाही असं मी धरून चालले होते. ती संक्रांतीनंतर चार दिवस माझ्याकडं लातूरला आली. त्याच वेळी जाऊ पोरीचे कान दाखवायला आली होती. मी क्लास संपवून आत गेले तर ह्या दोघी स्वयंपाकघरात खाली बसून हसताहेत. आई तोंडावर पदर धरून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी दारात उभी राहिले तशा दोघी गप्प झाल्या.

'काय झालं?' मी विचारलं.

'काय न्हाई बाई, आसंच,' आई म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.

माझ्या घरात, माझ्या आईबरोबर, ती हसते आणि मी आले की गप्प! मी माझं समईचं गाणं आईला किती वेळा लावून दाखवलं होतं. ती दर वेळी शेवटपर्यंत हात जोडून ऐकायची आणि म्हणायची, 'चांगलं म्हनलीस.' एकदाही 'परत लाव' म्हणाली नाही. उखाण्याचं गाणं मात्र भावाच्या पोराकडून मोबाईलमध्ये घालून घेतलेलं, आणि कुठं बोट लावलं की सुरू होतं तेही शिकून घेतलेलं.

इन्व्हर्टर आला. प्लेटांना अजून थोडे कमी पडत होते, म्हणून रथसप्तमीला गाण्याचा दुसरा भाग काढायचं ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्यात जावेचा फोन आला.

'अक्का, तुमचं एक मत पायजे व्हतं.'

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बोल.

'एका वयस्कर बाईनं उखाना पाठवलाय. मालक न्हाईत त्यांचे. घ्यावा का न्हाई? इथं दोघीतिघी म्हनायल्यात, हळदीकुंकवाच्या गान्यात नको. मला तर लई आवडलाय.'

'म्हणून दाखव.'

तिनं म्हणून दाखवला. ठेका नाही, परात नाही, नुसताच म्हटला:

'शुगर आसून गुळाचा खडा खायाचे चोरून,
…राव गेले निघून, मी डबा ठिवते भरून.'

गाण्यातलं मला कळतं, हे तरी माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. ऐकल्या ऐकल्या मला समोर दिसलं, की सगळं गाणं हसत हसत येईल, ह्या ओळीपाशी लोक सवयीनं हसतील आणि हसता हसता थांबतील. नंतर परत ठेका सुरू होईल. त्या दोन ओळींनी गाणं कुठल्या कुठं जाईल. माझ्या अख्ख्या यमनात तसली एक जागा नव्हती.

'कुणाचा आहे?' मी विचारलं.

'नाव सांगायचं न्हाई म्हनल्यात. रेकॉर्डिंगमधी तेवढं मालकाचं घ्यायचं.'

'नको घेऊ,' मी म्हणाले. 'सणासुदीचं गाणं आहे. लोक बोलतील. तुलाच त्रास होईल.'

ही मी. आदल्याच वर्षी महिला दिनाला, विधवांनाही हळदीकुंकवाला बोलवा म्हणून माइकवर बोलले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. जावेनं क्षणभर वाट पाहिली. मग म्हणाली, 'तुमी शिकलेल्या. तुमी म्हनता तर ऱ्हाऊ द्या.' मी फोन ठेवला आणि दिवसभर मला बरं वाटत राहिलं. काय बरं वाटत होतं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

रथसप्तमीला मी किल्लारीला होते, आईनं बोलावलं होतं म्हणून. सकाळी पोचले तर आई ठेवणीतली लुगडी काढून बसलेली. त्यातलं जांभळं नेसली. शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. मला म्हणाली, 'तुज्या जावेचं नवं गानं हाय न्हव आज? लाव की.'

म्हटलं, हिला एवढं काय! पण लावलं. मोबाईल तिनं स्वतःच्या हातात घेतला, दोन्ही हातांनी, आणि कानाजवळ धरून बसली. उखाणे येत गेले. काकू हसत होत्या. आई हसत नव्हती, नुसती लक्ष देऊन ऐकत होती. एक उखाणा संपला की दुसऱ्यासाठी सावरून बसायची. शेवटी सगळ्यांनी मिळून 'मालकाचं नाव घ्या' म्हटलं आणि गाणं थांबलं.

'संपलं का गं?' आईनं विचारलं.

'संपलं.'

'परत लाव. मधी कुठं तरी निसटलं आसंल.'

परत लावलं. परत संपलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच बोट लावलं. काकू, 'भाजी टाकायची हाय,' म्हणून उठून गेल्या. तिसऱ्यांदाही संपलं तेव्हा आईनं मोबाईल पालथा घालून मांडीवर ठेवला.

'जागा नसंल ऱ्हायली,' ती म्हणाली.

'कशाला जागा?'

'म्या बी धाडला व्हता एक. तुज्या दादाचा. काकूला सांगून बसले व्हते, आज ऐक म्हनून.' आणि मग लाजल्यासारखी हसली. 'गुळाचा व्हता.'

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण तिनं म्हटलाच. नाव घेऊन म्हटला. आईच्या तोंडून दादांचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

'पण दादा गोड खातच नव्हते!' मी म्हणाले.

दादांना शुगर निघाली तेव्हा घरातला गुळाचा डबा मीच उचलून लातूरला नेला होता. सगळ्यांसमोर बजावलं होतं, की ह्या घरात गोडाचा खडा दिसता कामा नये. त्यानंतर दादांनी गोड तोंडात घातलं नाही, हे मी सगळ्या नातेवाइकांत अभिमानानं सांगत आले.

'तू डबा नेलीस,' आई म्हणाली, 'म्या दुसरा आनला. पिठाच्या डब्याच्या मागं ठिवायची. त्यान्ला वाटायचं मला ठावं न्हाई. रोज एक बारीक खडा न्यायाचे. म्या रोज मोजून बारीकच करून ठिवायची, जास्त न्हाई. तू वरडशील म्हनून तुला कोन सांगनार?'

मग तिनं विचारलं, 'तिनं का गाळला आसंल गं? वंगाळ व्हता का?'

तेव्हा मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, 'काय माहीत,' आणि पाणी प्यायला उठले.

अंगणात जाऊन जावेला फोन लावला. विचारलं, आईचा आहे हे तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, 'तुमाला सांगू नका म्हनल्या व्हत्या मावशी. म्हनून तर नाव न घेता विचारलं. मला वाटलं, तुमी हो म्हनाल. तुमी हो म्हनल्यावर कुनाची काय ताकद व्हती नको म्हनायची?' आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर मी दोन दिवस क्लासची दारं लावून तो उखाणा रेकॉर्ड करायला बसले. म्हटलं, मीच गाते, माझ्या आवाजात, आईला पाठवते. तानपुरा लावला, पट्टी ठरवली. पाठवला. आईचा फोन आला. 'चांगलं म्हनलीस,' म्हणाली. मग, 'पर तुज्या दादाला हसू आलं आसतं का गं ह्यानं? आसं रडकं नगं बाई म्हनू त्यान्चं नाव.'

पुढच्या रविवारी जाऊ देगलूरहून एसटीनं लातूरला आली, तिथनं मला घेऊन किल्लारीला. तीन गाड्या बदलून, पोरगी कडेवर. आईच्या पायाशी बसली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, 'मावशी, माजीच चुकी. तुमचा उखाना फोनमधनं उडाला. आता तिसऱ्या भागात पयला तुमचाच घेते.' माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मग उठून स्वयंपाकघरातून परात आणली, लाटणं आणलं आणि सुरू केलं. फाटक्या आवाजात, तालाला पाव मात्रा पुढं. दादांचं नाव तिनं असं घेतलं की जणू ते पिठाच्या डब्यामागं हात घालताना सापडलेत.

आई हसली, तोंडावर पदर न धरता. दादा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगते, त्या वेळीही, माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन बसलेल्या त्या बाईचा मला हेवाच वाटला. लाज वाटली, पण नंतर. आधी हेवा वाटला.

आई उठली, पिठाच्या डब्यामागून गुळाचा डबा काढून आणला. काठोकाठ भरलेला, खडे अगदी बारीक केलेले. पहिला खडा जावेच्या हातावर ठेवला, दुसरा तिच्या पोरीच्या. मग डबा हातात धरून माझ्याकडं बघत उभी राहिली.

'तुला देऊ का?' तिनं विचारलं. 'का डबा घिऊन जाशील?'

मी हात पुढं केला.